अर्जाची करमणूक

खडकदरीत इंग्रजी दोनच ठिकाणी होतं: घासलेटच्या डब्यावर आणि जानराव मास्तरांच्या तोंडात. डब्यावरचं कोणालाच वाचता येत नसे, म्हणून तेही मास्तरांच्याच ताब्यात आलं होतं. नवा डबा उघडला की किराणावाला जमशेद आधी तो मास्तरांकडे फिरवून धरी, मास्तर चष्मा पुसून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं मोठ्यानं वाचीत, आणि मगच गावात दिवे लागत.

मास्तर अकोल्याला इंग्रजी पाचवीपर्यंत शिकले होते. पाचवीच्या मध्यावर शहरात प्लेग आला, शाळा उठली आणि मास्तर गावी परतले ते परतलेच. 'थोडंसंच राह्यलं प्लेगापायी,' असं ते सांगत. नेमकं काय राहिलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते सत्तावीस साली फाल्गुनात उघडकीला आलं. राहिला होता तो कर्मणी प्रयोग.

तोपर्यंत त्यावाचून काही अडलं नव्हतं. वीस वर्षांत गावाला तार एकच आली होती, मारोतराव पाटलांच्या नावची, कारंज्याहून: 'अंकल सिंकिंग.' मास्तरांनी कोश काढला आणि पाटलांना शांतपणे सांगितलं की तुमचे काका बुडून राह्यले आहेत. पाटील सहा गडी, चार दोर आणि एक गळ घेऊन कारंज्याला पोचले, तर काका बाजेवर, कोरडे. पण दुसऱ्या दिवशी काका गेले आणि दोर तिरडीला कामाला आले. परतल्यावर पाटलांनी चावडीवर जाहीर केलं की मास्तराचं इंग्रजी एक दिवस पुढचं पाहते. तेव्हापासून मास्तरांच्या विद्येबद्दल गावात दुमत राहिलं नाही. एक मत मात्र वेगळं होतं, पण ते घरातलंच होतं, त्यांच्या पत्नीचं, कस्तुराबाईंचं. त्यामुळे ते मोजलं जात नसे.

कस्तुराबाईंना इंग्रजीशी वैर नव्हतं. त्यांचं भांडण पाण्याशी होतं. गावाला एक विहीर होती. माघापर्यंत ती विहीर असे, माघानंतर नुसता खड्डा. मग बायांनी घागरी उचलायच्या आणि दरीच्या नाल्यात एक झिरा होता, तिथवर दोन मैल जायचं आणि दोन मैल यायचं. परतीचे दोन मैल लांब असतात असं बाया म्हणत, आणि मास्तर त्यांना भूगोलाच्या आधारे समजावून सांगत की अंतर दोन्ही बाजूंनी सारखंच असतं.

त्या वर्षी संक्रांतीला तिळाचा लाडू खाताना मास्तर जरा जास्तच गोड बोलून गेले. ते म्हणाले, यंदा सरकारकडून गावाले विहीर आणून देतो. कस्तुराबाईंनी विचारलं, आणि नाही आली तर? मास्तर म्हणाले, तर मी स्वतः कावड खांद्यावर घेईन, रोज सकाळी, शाळेच्या आधी. कस्तुराबाईंनी लाडू ताटात ठेवला, उठल्या आणि भिंतीपलीकडच्या तुळसाबाईला हाक मारून तिच्यासमोर हे वाक्य मास्तरांकडून पुन्हा म्हणून घेतलं. तुळसाबाईला सांगणं आणि दवंडी पिटवणं यात फरक एवढाच की दवंडीवाला दुपारी झोपतो. संध्याकाळपर्यंत शाळेतली पोरंसुद्धा मास्तरांच्या खांद्याकडे बघू लागली.

अर्ज लिहायला तीन आठवडे लागले. पाटील म्हणाले, मराठीत खरडा अन् मोकळे व्हा. मास्तर म्हणाले, मराठी अर्ज कारकून वाचतो, इंग्रजी अर्ज साहेब स्वतः वाचतो. अर्जाची सुरुवात 'मोस्ट रिस्पेक्टफुली अँड हंबली आय बेग' अशी होती. पाटलांनी त्याचा अर्थ विचारला आणि कळल्यावर ते सही करीनात.

"आपुन पाटील हाओत, मास्तर. भीक कायले मांगाची?"

ही नुसती इंग्रजीची रीत आहे, मागणारा त्यात लहान होत नाही, असं मास्तरांनी परोपरीनं सांगितलं. शेवटी पाटलांनी सही नाकारून अंगठा कबूल केला आणि तो नेमका 'बेग' या शब्दावर दाबला, म्हणजे तो झाकला जावा. अर्ज मंगरूळपीरच्या कचेरीत गेला.

इंग्रजीत लिहिल्यामुळे उत्तरही इंग्रजीतच आलं. मराठीत लिहिला असता तर 'सदर अर्जाचा विचार मुक्कामी केला जाईल' असं साधं उत्तर येऊन ही गोष्ट इथंच संपली असती. पण लांबट खाकी पाकीट आलं आणि चावडीवर सगळ्या गावासमोर मास्तरांनी ते उघडलं. आत गावाचाच अर्ज परत आलेला होता आणि त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर एकच वाक्य होतं: 'युवर ॲप्लिकेशन विल बी एंटरटेन्ड ॲट कॅम्प, खडकदरी.' खाली तारीख. दौऱ्यावर निघालेल्या गोऱ्या साहेबांचा मुक्काम होळीच्या चार दिवस आधी गावाबाहेरच्या आमराईत पडणार होता.

मास्तरांनी ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा 'एंटरटेन्ड'जवळ त्यांचा आवाज थोडा खाली बसला. मग त्यांनी कोश आणवला.

या कोशाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. मास्तरांनी तो अकोल्याहून येताना जुन्या बाजारात घेतला होता आणि वीस वर्षं तो शाळेच्या कोनाड्यात होता. खडकदरीच्या वाळवीला वाचनाची आवड होती. 'एंटरटेन'पाशी पान उघडलं तेव्हा तिथं लिहिलं होतं: एक, पाहुणचार करणे. दोन, करमणूक करणे. तीन, मनात बाळगणे, जसे संशय. चार, आणि चारच्या पुढं भोक होतं. ते भोक पार 'एन्थ्यूझिॲझम'पर्यंत गेलं होतं. कायद्याचा जो अर्थ होता, तो वाळवीनं खाल्ला होता आणि पचवलाही होता.

संशय बाळगण्याचा अर्थ मास्तरांनी आधी रद्द केला, कारण सरकार संशय बाळगणार असेल तर ते पत्रानं कळवीत नाही. उरले पाहुणचार आणि करमणूक. पण अर्जाची करमणूक कशी करायची? अर्ज हा कागद. त्याला हसता येत नाही. मास्तर बराच वेळ छपराकडे पाहत राहिले. अख्खी चावडीही छपराकडे पाहत राहिली. मग प्लेगानं अडवलेलं व्याकरण मास्तरांनी स्वतःच्या बळावर पूर्ण केलं.

"हा कर्मनी प्रयोग आहे," ते म्हणाले. "कर्मनी प्रयोगात कर्ता लपून बसते. 'करमणूक केली जाईल,' असं लिहिलं. कोन करन, हे नाई लिहिलं. आता साहेब तं करत नाई. मंग लपलेला कर्ता कोन?"

 जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला.

"आपुन," मास्तर म्हणाले. "अर्ज पाह्यजे तं साहेबाची करमणूक करा, असा हुकूम आहे."

गावाला हे एकदम पटलं. साहेब बारा गावं हिंडणार, रोज रडगाणी ऐकणार, त्याचं मन रमवल्याशिवाय तो विहीर कशी देईल? पाटील तर म्हणाले की सरकार आजवर एवढं सरळ कधी बोललंच नव्हतं.

शंका काढली ती कस्तुराबाईंनीच, आणि तीही घरी. त्या ताक घुसळीत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "ज्याले तहान लागली त्यानंच नाचाचं, हे कोन्त्या कायद्यात हाय?" मास्तरांनी चष्मा काढून पुसला. कायदा वाळवीनं खाल्लेला असल्यामुळे तो दाखवता येण्यासारखा नव्हता.

आता करमणूक कोणती, यावर सल्ले सुरू झाले. विहिरीसाठी अर्ज करताना ज्यांनी एक अक्षर सुचवलं नव्हतं, त्या सगळ्यांना करमणुकीतलं कळत होतं. पाटलांचा हट्ट कुस्त्यांचा. कारण त्यांचा पुतण्या पैलवान होता आणि साहेबानं त्याला बघावं अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पलीकडच्या तांड्याचे लखीराम नाईक म्हणाले, होळी तोंडावर आली आहे, आमच्या तांड्याची लेंगी कधी व्हायची? डफ कडाडला आणि पंचवीस बाया-माणसं फेर धरून गाऊ लागली, की साहेब खुर्चीत बसूच शकणार नाही. तांडाही त्याच झिऱ्यावर पाणी भरत असल्यामुळे नाईकांना नाही म्हणणं शक्य नव्हतं. आणि त्याच आठवड्यात मंगरूळपीरचा वहाब गावात भाता मांडून बसला होता. वहाब कल्हईवाला होता, पण दर्ग्याच्या उरुसात तो कव्वाली गात असे, आणि कल्हई करतानाही गात असे, त्यामुळे त्याची भांडी कमी आणि चाहते जास्त होते.

"मास्तरसाब, कुस्ती में साब घाबरते," वहाब म्हणाला. "कव्वाली आयकली का माणूस नरम होते. नरम झाला का सही करते. मैं लोहा-तांबा नरम करता, साब क्या चीज है?"

मास्तरांना एकालाही दुखवता येईना. शेवटी तिन्ही ठेवायचं ठरलं. फक्त सरकारी कामात घोळ नको म्हणून मास्तर बैलगाडीनं मंगरूळपीरला कचेरीत खात्री करायला गेले. तिथल्या कारकुनानं मान वर न करता त्यांची सगळी उत्तरं दिली. अर्ज कॅम्पवर एंटरटेन होणार हे नक्की ना, असं मास्तरांनी विचारलं. तसं लिहिलंच आहे, कारकून म्हणाला. साधारण किती वेळ चालेल? ते साहेबांच्या मर्जीवर, एखाद्याचं दोन मिनिटांत आटपतं, एखाद्याचं तासभर चालतं. माणसं गावातलीच लागतील की बाहेरून आणलेली चालतील? गावातलीच, ज्यांना गरज आहे ती, बाहेरच्यांचं साहेब ऐकूनच घेत नाहीत. मास्तरांनी हे टिपून घेतलं, आणि गावी येताच वहाबला तीन दिवसांपुरतं खडकदरीचा रहिवासी करण्यात आलं.

शेवटी मास्तरांनी डफ आणि ढोलकीबद्दल विचारलं तेव्हा कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली. कॅम्पजवळ वाद्य वाजवायचं तर परवाना लागेल, तो म्हणाला, त्याचा वेगळा अर्ज करा. मास्तरांनी तिथंच बसून तो लिहिला. कारकुनानं त्यावर शिक्का मारला आणि म्हणाला, हाही कॅम्पवरच एंटरटेन होईल.

परतीच्या सात कोसांत मास्तरांच्या डोक्यात गाडीच्या चाकापेक्षा जास्त काही फिरत होतं. करमणुकीला परवाना हवा, आणि परवान्याच्या अर्जाला आधी करमणूक हवी. ती दुसरी करमणूक तर वाद्याशिवायच व्हायला पाहिजे, कारण तोवर परवाना नसणार. म्हणजे पहिल्यांदा कोणीतरी बिनवाद्याचं उभं राहायचं. आणि साहेबासमोर बिनवाद्याचं उभं राहण्याइतकं इंग्रजी गावात एकाकडेच होतं. मास्तरांनी मनाशी पाचवीच्या पुस्तकातली जहाजाची कविता म्हणायला सुरुवात केली. गाडीवाल्यानं दोनदा बैल थांबवून विचारलं, मास्तर, बरं वाटत नाही काय?

मुक्कामाच्या दिवशी सकाळपासून गाव पेटून कामाला लागलं. आमराईत तीन पांढरे तंबू उभे राहिले होते. लेंगीच्या फेराला धूळ उडू नये म्हणून तंबूंपुढच्या मोकळ्या जागेवर सडा घालायचा ठरलं. आखाड्याची माती भिजवायची होती. पैलवानांना आंघोळ घालायची होती. कव्वालीखालची जाजमं धुवायची होती. येणाऱ्याजाणाऱ्याला गुळाचं सरबत द्यायचं होतं आणि साहेबाचे घोडे, कचेरीचे बैल, शिपाई, सगळ्यांच्या पाण्याची सोय करायची होती. पाटलांनी हुकूम सोडला की आज कोणी पाण्याची चिंगूसगिरी करायची नाही, साहेबासमोर गाव भरलेलं दिसलं पाहिजे. विहिरीत फाल्गुनाचं जे काही उरलं होतं ते खरडून वर आलं. झिऱ्यावर बायांच्या चार खेपा झाल्या. कस्तुराबाई चौथ्या खेपेची घागर सड्यावर उपडी करून थोडा वेळ त्या ओल्या मातीकडे बघत उभ्या राहिल्या आणि घरी गेल्या.

दुपारी साहेब घोड्यावरून उतरले. कोवळ्या वयाचे, उन्हानं लाल झालेले आणि आठ गावांच्या तक्रारींनी पिकलेले. त्यांना पाणंद, पिकं आणि पट्टे यांशिवाय दुसरं काही ऐकायला मिळेल ही आशा नव्हती. त्यांच्यासमोर कोट घातलेला एक मास्तर आला, त्यानं हात जोडले आणि इंग्रजी कविता म्हणायला सुरुवात केली.

कविता खणखणीत झाली. जहाज बंदरातून निघालं, समुद्रात आलं, आभाळ भरून आलं, कप्तानानं शिडं उतरवली, लाट डोक्यावर आली, आणि तिथं अकोल्याला प्लेग आला. मास्तर थांबले. साहेबांनी थोडी वाट पाहिली. मग त्यांनी जहाजाचं पुढं काय झालं असं विचारलं.

"सर," मास्तर म्हणाले, "स्कूल क्लोज्ड."

साहेब इतके मोठ्यानं हसले की आमराईतले पोपट उडाले. हा परवाना मंजूर झाल्याचा इशारा समजून लखीराम नाईकांनी डफाला काठी लावली. मग दिवस हातात राहिला नाही. लेंगी झाली. वहाबनं जाजमावर बसून कव्वाली धरली आणि टाळ्यांना आख्खी कचेरी सामील झाली. पाटलांच्या पुतण्यानं दोन पैलवान पाडले आणि दोन्ही वेळा पाटलांनी त्याच्याकडे बोट करून तो आपलाच पुतण्या असल्याचं साहेबांना दाखवलं. साहेबांनी शीळ घातली. अर्ज एका ताटात नारळ आणि हळदीकुंकवासह ठेवून मास्तर कडेला उभे होते. करमणूक पुरती झाली की पुढं व्हायचं, असा त्यांचा विचार होता.

सूर्य टेकला तशी साहेबांनी घड्याळ पाहिलं, कचेरीच्या शिरस्तेदारांना काही सांगितलं आणि ते तंबूत गेले. मास्तर ताट घेऊन शिरस्तेदारांकडे आले.

शिरस्तेदार म्हणाले, अर्ज घेण्याची वेळ पाचपर्यंत होती, आता संपली. तुम्ही दिवसभर होता कुठं? मास्तर म्हणाले, अर्ज एंटरटेन होत होता. शिरस्तेदारांना कळेना. मास्तरांनी पत्र दाखवलं, कर्मणी प्रयोग समजावला, लपलेल्या कर्त्याबद्दल सांगितलं. शिरस्तेदार ऐकत गेले, तसतशा त्यांच्या मिशा हलू लागल्या. अखेरीस ते खाटेवर बसले आणि पोटाला हात लावून म्हणाले, "अहो मास्तर, कचेरीच्या भाषेत अर्ज एंटरटेन करणं म्हणजे तो दाखल करून घेणं. विचारात घेणं. एवढंच. दोन मिनिटांचं काम होतं."

शिरस्तेदारांचा आवाज शिपायांपर्यंत गेला, शिपायांचा तुळसाबाईपर्यंत. पुढचं सांगायला नको. पण खरा घाव वेगळाच होता. शिरस्तेदारांनी मुक्कामाचा शेरा लिहून ठेवला होता आणि तो त्यांनी सहज वाचून दाखवला. गाव सुखी असून उत्सवप्रिय आहे. पाण्याची मुबलकता दिसून आली. रस्त्यावर व मैदानावर पाणी शिंपडण्यात येते. विहिरीची निकड दिसत नाही.

मास्तर घरी आले. त्यांना जेवायचं नव्हतं आणि घरात प्यायला पाणीही नव्हतं, त्यामुळे आग्रहाचा प्रश्न आला नाही. कस्तुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मास्तरांना वाटलं, आता कावडीचं निघेल. पण त्या म्हणाल्या, साहेब कधी जातो? मास्तर म्हणाले, उद्या जाणार होता, पण खूश होऊन एक दिवस राहून राह्यला, त्याले डफ आणखी आयकाचा आहे. कस्तुराबाईंनी दिव्याची वात थोडी वर केली. "राह्यते काय," त्या म्हणाल्या. "राहू द्या."

सकाळी खानसामा बादली घेऊन विहिरीवर गेला आणि बादलीभर चिखल घेऊन परत आला. साहेबांना चहा नाही, दाढीला पाणी नाही, आंघोळीचं तर नाव नको, आणि घोडे दावणीला खूर आपटत होते. पाटलांकडे निरोप गेला. पाटलांनी तो मास्तरांकडे धाडला, हे इंग्रजीचं काम आहे म्हणून. मास्तर अंगणात आले तेव्हा तिथं भिंतीला टेकवून कावड ठेवलेली होती. दोन्ही बाजूंना दोन रिकाम्या घागरी.

कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. "तुमची कावड साहेबापासूनच सुरू होऊ द्या," त्या म्हणाल्या. "अन् एक आयका. पानी गाळू नका. जसं हाय तसं द्या."

मास्तरांनी कोट घातला, कारण काल साहेबांनी त्यांना कोटात पाहिलं होतं. त्यावर कावड घेतली आणि शाळेवरून, चावडीवरून, जमशेदच्या दुकानावरून ते झिऱ्याकडे गेले. जाताना लोकांनी पाहिलं. येताना त्यांनी लोकांना पाहिलं नाही, कारण घाम डोळ्यांत उतरला होता. परतीचे दोन मैल खरोखरच लांब असतात हे मास्तरांना त्या सकाळी भूगोलाच्या विरोधात जाऊन मान्य करावं लागलं.

तंबूपुढं त्यांनी घागरी उतरवल्या. खानसाम्यानं घाईनं काचेचा पेला भरला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो ओठापर्यंत नेला आणि उजेडात धरला. पाणी चहा न टाकताच चहाच्या रंगाचं होतं. आणि त्यात एक बेडकाचं पिल्लू शेपटी हलवीत पेल्याच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात होतं. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यानंही पाहिलं असावं. मग साहेबांनी विचारलं, हे काय आहे?

मास्तरांच्या खांद्यावर वळ उठले होते, कोटाची बाही फाटली होती, आणि कालपासून गावात त्यांच्या विद्येची जी अवस्था झाली होती ती तुळसाबाई सांगेल. शिरस्तेदार शेजारी मिशा सावरून उभे होते. मास्तरांनी श्वास घेतला आणि वीस वर्षांत न जमलेलं वाक्य एका दमात म्हटलं:

"सर, दिस वॉटर इज ड्रंक बाय अस."

हे पाणी आमच्याकडून प्यायलं जातं. कर्मणी प्रयोग. कर्ता शेवटी होता, पण लपलेला नव्हता.

साहेबांनी पेला खाली ठेवला. कुठून आणलं, ते विचारलं. मास्तरांनी बोटानं दरी दाखवली. किती लांब? मास्तर 'टू माइल्स' म्हणणार होते, पण थांबले, आणि त्यांनी सांगितलं की जाताना दोन मैल, येताना जास्त. मग साहेबांनी विचारलं की असं असताना गावानं आजवर अर्ज का केला नाही. मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून अर्ज काढला. हळदीकुंकवानं तो थोडा पिवळा-तांबडा झाला होता आणि 'बेग'वर पाटलांचा अंगठा होता. साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला, शिरस्तेदारांकडून कालचा शेरा मागवून घेतला आणि स्वतःच्या लेखणीनं त्यावर आडवी रेघ मारली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. शिरस्तेदारांनी वेळ बरोबर सांगितली होती.

त्या दिवशी साहेब डफ न ऐकताच, बिनदाढीचे, पुढच्या गावी गेले.

हुकूम यायला पावसाळा लागला आणि विहीर बांधून व्हायला त्याच्या पुढचा उन्हाळा. हुकूम इंग्रजीत होता. मास्तरांनी या वेळी तो कोश न उघडता, शिरस्तेदारांकडे सात कोस जाऊन समजून घेतला. अर्ज मंजूर होता. फक्त विहीर कुठं खणायची त्या ठिकाणी 'ॲट कॅम्प साइट' असं लिहिलं होतं, कारण साहेबांना पाणी मिळालं नव्हतं ते तिथं. सरकार जिथं तहानलं तिथंच खणणार, हे ओघानंच आलं. आमराई गावापासून अर्धा मैल. पाटलांनी जागा बदलून मागण्यासाठी आणखी एक अर्ज करायचं सुचवलं, तेव्हा अख्खी चावडी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघू लागली की त्यांनी लगेच विषय पुतण्यावर नेला.

विहिरीला पाणी भरपूर लागलं. तांड्याच्या बायाही तिथंच येऊ लागल्या, आणि वहाब दर फेरीला तिच्या कठड्यावर बसून गाऊ लागला. मास्तरांनी एका संध्याकाळी कोश काढला, चौथ्या अर्थाच्या भोकावर खळीनं कागदाचा तुकडा चिकटवला आणि त्यावर शाईनं लिहिलं: 'पाणी पाजणे.'

राहिला प्रश्न संक्रांतीच्या शब्दाचा. मास्तरांचं म्हणणं असं होतं की विहीर आली, त्यामुळे कावडीची अट आपोआप रद्द झाली. कस्तुराबाईंनी तुळसाबाईला भिंतीवरून बोलावलं. दोघींनी मिळून हिशेब लावला.

"दीड मैल साहेबानं कमी केला," कस्तुराबाई म्हणाल्या. "उरला तो अर्धा तुमचा."

म्हणून पुढं कित्येक वर्षं खडकदरीत दिवस उगवला की जानराव मास्तर खांद्यावर कावड घेऊन आमराईकडून येताना दिसत. कोट घरी ठेवलेला असे. पोरं वाट सोडून उभी राहत. आणि पाटील ओट्यावर दात घाशीत बसलेले असत, ते रोज एकदा विचारल्याशिवाय राहत नसत.

"काय मास्तर, कर्मनी प्रयोग काय?"

मास्तर न थांबता, घागरीतलं पाणी न हिंदकळू देता, सांगत:

"नाई पाटील. कर्तरी."